शेवटच्या पन्नास फुटांत क्यू४०० धपकन पडतं, त्याचं काय करायचं

ही गोष्ट घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधली, आणि क्यू४०० म्हणजे डॅश ८ जातीचं, दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान. आधी तक्रार नीट मांडतो, म्हणजे तुमचं दुखणंही हेच आहे का ते कळेल.

ॲप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, छान चाललाय. वेग १२० नॉटच्या आसपास स्थिर, तीन अंशांचा उतार, धावपट्टी काचेत जिथे दिसायला हवी तिथेच. कॉकपिटमधला उंचीचे फूट मोजणारा आवाज ‘फिफ्टी’ म्हणतो, ‘थर्टी’ म्हणतो, आणि ‘ट्वेंटी’ पुरतं ऐकू यायच्या आत कुणीतरी पायाखालची फळी काढून घ्यावी तसं विमान खाली जातं. धाड. स्क्रीन हलते, चाकांतून धूर निघतो, आणि टेकतानाचा उभा वेग दिसतो मिनिटाला उणे ६८० फूट. सावरायला म्हणून नाक ओढलं तर शेपटी डांबराला घासते आणि ‘टच्ड रनवे’चा दिवा लागतो.

दहातून एकदा असं झालं तर सोडून द्या, वारा असेल. माझं दर वेळी व्हायचं. रात्री साडेदहाला मुलं झोपली की मी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलच्या कोपऱ्यात बसतो आणि मुंबई ते चिपी असं उड्डाण करतो. गाव वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे हा मार्ग. खऱ्या जगात ९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला तेव्हा या मार्गावर अलायन्स एअरचं एटीआर आलं. क्यू४०० इथलं नव्हे, पण सिममध्ये डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं, विचारायला येत नाही. तर रोज रात्री चिपीच्या सड्यावर मी प्रवाशांसकट आपटत होतो, तीन महिने.

उणे ६८० म्हणजे किती, हेही सांगतो. मिनिटाला ६०० फूट म्हणजे सेकंदाला १० फूट. मोठ्या प्रवासी विमानांच्या चाकांची रचना करताना लँडिंगच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट हाच उभा वेग धरतात. म्हणजे खरं विमान असतं तर प्रत्येक रात्रीनंतर ते तपासणीसाठी हँगरमध्ये गेलं असतं.

जे करून काही उपयोग झाला नाही ते भरभर सांगून टाकतो. विमान पुन्हा इन्स्टॉल केलं. वजन कमी केलं. हवामान बंद करून शांत हवेत उतरलो. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, १५ऐवजी ३५ अंशांवर लावून पाहिले. त्याने धावपट्टी जरा बरी दिसली, आपटणं तेवढंच राहिलं. फ्रेमरेट वाढवायला ग्राफिक्स उतरवले. आणि एक गोष्ट जी पहिल्याच आठवड्यात लक्षात यायला हवी होती: मी हे विमान आधी प्रीपार-थ्रीडीमध्ये मॅजेस्टिकचं उडवत होतो, नंतर एक्स-प्लेनमध्ये फ्लायजेसिमचं घेतलं. दोन वेगळे सिम्युलेटर, दोन वेगळ्या लोकांनी बनवलेली विमानं, आणि मी दोन्हीकडे सारखाच आपटलो. दोन्हींत सामाईक एकच वस्तू होती, ती म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस. बरं, दोन. त्याच्या हातातला थ्रॉटलही, म्हणजे पॉवर कमीजास्त करायचा लिव्हर.

हे जेट नव्हे

मी क्यू४००कडे आलो एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७वरून. तिथे हाताला एक वळण लागलेलं असतं: तीस फुटांच्या आसपास थ्रॉटल मागे, नाक किंचित वर, आणि विमान आपलं आपण बसतं. जेट इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी पॉवरला, गेलं तरी थोडंफार ढकलतच असतं, आणि मुख्य म्हणजे समोर काही आडवं येत नाही.

क्यू४००मध्ये आडवं येतं. प्रत्येक पंखावर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीडब्ल्यू१५०ए, ५,०७१ अश्वशक्तीचं, आणि त्याच्या पुढे सहा पात्यांचा डाउटीचा प्रोपेलर, व्यास चार मीटरहून थोडा जास्त. आमच्या हॉलची रुंदी तेवढी नाही. असे दोन. पॉवर आहे तोवर हे दोन प्रोपेलर विमानाला ओढतात. पॉवर काढली की तेच दोन प्रोपेलर चार मीटरच्या दोन थाळ्या होतात आणि वाऱ्याला आडवे उभे राहतात.

का, ते समजलं की अर्धं काम झालं. क्यू४००सारख्या टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानात, दोन वेगवेगळे लिव्हर असतात. पॉवर लिव्हरने इंजिनाची ताकद ठरते, कंडिशन लिव्हरने प्रोपेलरचे फेरे. क्यू४००चे कंडिशन लिव्हर टेकऑफला मिनिटाला १०२० फेऱ्यांवर, चढताना ९००, आडव्या उड्डाणात ८५०, आणि उतरण्यापूर्वी पुन्हा पुढे १०२०वर. सांगितलेले फेरे राखायचे हे गव्हर्नरचं काम, आणि ते तो पात्यांचा कोन बदलून करतो. इंजिनाकडून ताकद येतेय तोवर पाती हवेला चांगली पकडतात. ताकद आटली की फेरे कमी होऊ नयेत म्हणून गव्हर्नर पाती चपटी करतो, आणि मग इंजिन प्रोपेलरला फिरवायच्या ऐवजी समोरून येणारी हवाच प्रोपेलरला फिरवू लागते. हवेला ही ताकद फुकट मिळत नाही, ती विमानाच्या वेगातून वसूल होते.

आमचे अण्णा कणकवली आगारातून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. गणपतीनंतर इकडे आले होते. एका रात्री पाठीमागे सोफ्यावर बसून माझा तमाशा बघत होते. तिसऱ्यांदा आपटल्यावर म्हणाले, “पाय कित्याक काढतंस रे?” मी म्हटलं, अण्णा, याला पायात ॲक्सिलरेटर नसतो. म्हणाले, “आवाज आयकलंय मी. गाडी गियरात असताना पाय काढल्यासारो.”

त्यांना प्रोपेलरमधलं काही माहीत नव्हतं, पण फोंडा घाट तीस वर्षं उतरलेल्या माणसाने आवाजावरून बरोबर ओळखलं. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की गाडी जशी मागून धरल्यासारखी होते, तेच इथे होतं. १०२० फेरे म्हणजे दुसरा गिअर. ८५० म्हणजे चौथा म्हणा. उतरताना लिव्हर १०२०वर ठेवतात ते याचसाठी, की गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं, तर पूर्ण ताकद लगेच मिळावी आणि टेकल्यावर प्रोपेलरचा ब्रेक म्हणून उपयोग व्हावा. पण हवेत असताना हाच ब्रेक पाय काढल्याबरोबर लागतो.

आणि दुसरी गोष्ट. प्रोपेलर जी हवा मागे फेकतात ती पंखाच्या बऱ्याच भागावरून जाते. तेवढा पंख विमानाच्या वेगापेक्षा जास्त वेगाची हवा खात असतो. पॉवर झटकन काढली की ब्रेक लागतो आणि त्याच क्षणी पंखावरची ती जादा हवाही नाहीशी होते. पन्नास फुटांवरून सेकंदाला १० फूट या हिशेबाने तुमच्याकडे पाच सेकंद असतात. तीस फुटांवर पॉवर काढली तर तीन. तीन सेकंदांत वेगही गेला, उचलही गेली, तर ते विमान पडणार नाही तर काय करणार?

या ब्रेकची ताकद किती, याचं खरं उदाहरण आहे आणि ते वाईट आहे. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोल्गन एअरचं क्यू४०० नेवार्कहून बफेलोला उतरत होतं. पॉवर लिव्हर फ्लाइट आयडलच्या (हवेतल्या सगळ्यात कमी पॉवरच्या) जवळ, चाकं खाली, कंडिशन लिव्हर पूर्ण पुढे. वेग भराभर घसरला आणि दोघाही वैमानिकांच्या ते लक्षात आलं नाही. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल संपत आल्याचा, इशारा देणारी कांडी हातात थरथरू लागली तेव्हा कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी वर ओढलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरच्या घरातला एक, असे ५० जण गेले. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, मुख्य कारण ठरवलं ते त्या चुकीच्या प्रतिक्रियेला. पण मला सिममध्ये बसून त्यातून जे कळलं ते त्याआधीच्या काही सेकंदांबद्दल होतं. या विमानाला ऑटोथ्रॉटल, म्हणजे वेग बघून आपणहून पॉवर लावणारी यंत्रणा, नाही. तुम्ही पॉवर विसरलात तर ती आठवून देणारं कुणी नाही.

आधी स्वतःची तपासणी

ही चाचणी जमिनीपासून दूर करा. मी चिपीच्या पश्चिमेला समुद्रावर ६,००० फुटांवर करतो. चाकं वर, वेग १८०, कंडिशन लिव्हर ८५०. उंची राखून पॉवर फ्लाइट आयडलला आणा आणि १८०वरून १५०वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग वेग पुन्हा १८० करा, कंडिशन लिव्हर १०२०वर न्या, आणि तेच पुन्हा करा. दुसऱ्या वेळी वेगाची फीत कशी पळते ते बघितलं की मी वर एवढं लिहिलंय ते सगळं एका मिनिटात पटेल. ही चाचणी मी दोन महिने आधी केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

मग हात कुठे जातो ते बघा. आपल्याला वाटतं आपण पॉवर हळूहळू काढतो. मलाही वाटायचं. एका रात्री मोबाइल पुस्तकांना टेकवून थ्रॉटलवर रोखला आणि पाच लँडिंगचं चित्रीकरण केलं. पाचही वेळा ‘थर्टी’ ऐकताक्षणी माझा हात एका झटक्यात तळाला. मला त्यातलं एकदाही आठवत नव्हतं. ए३२०मध्ये ‘रिटार्ड’ असा आवाज येतो आणि हात मागे जातो, तीच सवय इथे ‘थर्टी’ला चिकटली होती. इतकी की शेवटी मी दोन आठवडे ते आवाज बंद करूनच उतरलो. हा उपाय कुणी सांगितलेला नाही, पण मला सगळ्यात जास्त याचाच फायदा झाला.

थ्रॉटलचा दोष

हात सुधारला तरी आपटणं पूर्ण थांबेना. उणे ६८०चं उणे ४५० झालं आणि तिथेच अडकलं. इथे माझे तीन आठवडे गेले म्हणून जरा तपशिलात सांगतो.

एक्स-प्लेनच्या सेटिंग्जमध्ये डेटा आउटपुट नावाचं पान आहे. तिथे थ्रॉटलच्या ओळीपुढे कॉकपिटमध्ये दाखवा अशी खूण केली की लिव्हर किती टक्के आहे हे आकड्यांत स्क्रीनवर दिसतं. ते लावलं आणि लिव्हर हळूहळू मागे आणत गेलो. हाताला दिसत होतं की अजून लिव्हरचा पाचवा हिस्सा प्रवास शिल्लक आहे, आणि स्क्रीनवर आकडा जवळजवळ शून्य! म्हणजे मी ‘थोडीशी पॉवर ठेवलीय’ असं समजत होतो तेव्हा सिमच्या लेखी ती संपलेली होती.

दोन कारणं निघाली. पहिलं, काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका विमानासाठी मी थ्रॉटलच्या प्रतिसादाची रेघ वाकवून ठेवली होती आणि विसरलो होतो. वाकलेल्या रेघेत तळाचा भाग सपाट होतो, लिव्हर हलतो पण पॉवर हलत नाही, आणि मग वर एकदम उसळते. क्यू४००ला उतरताना लिव्हर नेमका याच भागात असतो. रेघ सरळ करा. पॉवरच्या सगळ्या अक्षांची. जॉयस्टिकच्या नाक वर-खाली करणाऱ्या अक्षाला थोडा वाक चालतो, पॉवरला नको.

दुसरं, आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे लिव्हर कुठे आहे ते मोजणारा भाग, धुळीने खाल्लेला. लिव्हर स्थिर धरला तरी आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे नाचत होता, त्यातही डावा जास्त. लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा डबा मिळतो. थ्रॉटलचे खालचे चार स्क्रू काढून फवारा मारला, लिव्हर वीस-पंचवीस वेळा पुढेमागे केला, वाळू दिलं, मग पुन्हा कॅलिब्रेशन. उजवा बरा झाला. डावा निम्मा बरा झाला.

आता एक जास्त महत्त्वाचं. खऱ्या विमानात पॉवर लिव्हर फ्लाइट आयडलला येऊन अडतो. त्याच्या खाली डिस्क आणि मग रिव्हर्स, पण तिथे जायला मुद्दाम खिट्टी उचलावी लागते. डिस्कला पाती इतकी चपटी होतात की प्रोपेलर म्हणजे नुसता ब्रेक. हवेत तिथे जाणं म्हणजे काय, ते १३ ऑक्टोबर २०११ला पापुआ न्यू गिनीत दिसलं. एअरलाइन्स पीएनजीचं डॅश ८, या विमानाच्या थोरल्या पिढीतलं लहान भावंड, मडांगला उतरत असताना लिव्हर हवेतच फ्लाइट आयडलच्या खाली गेले. प्रोपेलरचे फेरे मर्यादेबाहेर गेले, दोन्ही इंजिनं निकामी झाली, आणि ३२पैकी २८ जण गेले. त्यानंतर त्या जुन्या डॅश ८ विमानांना हवेत लिव्हर खाली गेले तरी पाती चपटी होऊ न देणारं कुलूप सक्तीचं झालं.

घरगुती थ्रॉटलला ना खिट्टी, ना कुलूप. तुमच्या लिव्हरचा तळाचा भाग सिममध्ये डिस्क आणि रिव्हर्सला जोडलेला असेल, तर फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, अर्धा इंच जास्त ओढला की हवेतच ब्रेक. काही लोकांचं ‘धपकन पडणं’ एवढ्यावरच असतं, बाकी त्यांचा हात चांगला असतो. उपाय साधा आहे: अडथळा बनवा. मी मुलाचा खोडरबर पाचरीच्या आकारात कापून लिव्हरच्या खाचेत फ्लाइट आयडलच्या जागी बसवलाय. लिव्हर त्याला येऊन टेकतो, आणि टेकल्यावर मुद्दाम जोर लावला तरच खाली जातो. शेजारी बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ आहे, तिथे उतरतानाची पॉवर साधारण येते. यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत, पण रेघ पुसलेली नाही.

मग उतरायचं कसं

कंडिशन लिव्हर १०२०वर उशिरा नेऊ नका. मी विसरायचो, ३०० फुटांवर आठवायचं, घाईने पुढे ढकलायचो, आणि वेग दहा नॉटनी पडायचा. मग पॉवर वाढव, मग जास्त झाली म्हणून काढ, असा झोका घेत धावपट्टीवर. आता चाकं खाली केल्याबरोबर लिव्हर पुढे आणि त्याच हाताने पॉवर थोडी वाढवायची, असं जोडकाम केलंय. हजार फुटांवर सगळं स्थिर नसेल तर परत फिरायचं. सिममध्ये परत फिरायला पैसे पडत नाहीत, तरी आपण फिरत नाही, काय म्हणावं.

उतार बरोबर आहे का यासाठी डोक्यात हिशोब: जमिनीवरचा वेग गुणिले पाच. १२० नॉट असेल तर मिनिटाला ६००, थोडं जास्त. हे साधणारी पॉवर एकदा सापडली की ती जणू खिळ्याने ठोकलीय असं समजा. माझ्याकडे फ्लॅप १५ आणि मध्यम वजनाला टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या जोराचा आकडा, विशीच्या आतबाहेर येतो. तुमचं वजन आणि वारा वेगळा असेल, म्हणून माझा आकडा घेऊ नका, स्वतःचा शोधा आणि लिहून ठेवा.

आता शेवटचे पन्नास फूट. ‘फिफ्टी’ला काहीही करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड आहे. पॉवर तशीच, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला. तीसच्या खाली नाक जेमतेम दोन अंश वर, तेही खेचून नाही, जॉयस्टिकवर नुसता दाब देऊन. विमानाचं पडणं मंदावलं असं वाटलं की मग पॉवर काढायला सुरुवात, आणि ती अशी की लिव्हर खोडरबराला टेकण्याची आणि चाकं जमिनीला टेकण्याची वेळ एकच. काढता काढता विमान बसू लागलं तर काढणं थांबवा, चिमूटभर परत द्या. कुत्र्याची साखळी सोडतात तशी पॉवर सोडायची, हातातून सुटू द्यायची नाही.

नाकाची मर्यादा लक्षात ठेवा, कारण घाबरल्यावर प्रत्येकजण नाकच ओढतो. डॅश ८चा पहिला प्रकार २२ मीटर लांब होता. तेच विमान ताणत ताणत क्यू४००पर्यंत ३२.८ मीटर झालं, पाय मात्र त्या मानाने वाढले नाहीत. चाकं टेकताना नाक पाच अंशांच्या वर जायला लागलं की सावध व्हायचं, सहाच्या वर जाऊच द्यायचं नाही. खऱ्या वैमानिकांचं शिक्षणही हेच सांगतं की २०० फुटांच्या खाली पडण्याचा वेग आवरायचा तो पॉवरने, नाकाने नव्हे. जेटच्या सवयीच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण पॉवर दिली की प्रोपेलर पंखावर ताबडतोब हवा फेकतो आणि उचल लगेच मिळते. जेटसारखी इंजिन जागं व्हायची वाट बघावी लागत नाही. त्रास देणारी तीच गोष्ट मदतही करते.

टेकल्यावर मात्र लाजू नका. नाकाचं चाक हळुवार खाली ठेवा, खिट्टी उचला, म्हणजे आमच्याकडे खोडरबर दाबून पार करा, लिव्हर डिस्कला. विमान असं थांबतं की पुढच्या सीटवर कपाळ आपटावं. चिपीच्या अडीच हजार मीटरच्या धावपट्टीवर रिव्हर्सची गरजच पडत नाही. पॉवर काढताना नाक बाजूला वळत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे: दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे पॉवर बदलली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं, तेही बदलायला लागतं. पायांत पेडल नसतील तर निदान रडर ट्रिम ॲप्रोचला नीट लावून घ्या.

सराव लंडन सिटीला करू नका. तिथला उतार साडेपाच अंशांचा, धावपट्टी दीड हजार मीटर, आणि क्यू४०० तिथे उतरतानाची चित्रं बघून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. मी गेलो होतो. थेम्सच्या गोदीतलं पाणी जवळून बघितलं. आधी नागपूर घ्या, ३,२०० मीटर लांब धावपट्टी आणि आजूबाजूला सपाट. एका जागी फेऱ्या मारत राहा, मुंबईहून दर वेळी उडून येऊ नका. तासाभराच्या उड्डाणात लँडिंग एकच होतं आणि शिकायचं तर तेवढंच आहे.

एटीआरवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण त्यातल्या लिव्हरची व्यवस्था वेगळी आहे. त्यामुळे कंडिशन लिव्हरचं वरचं जोडकाम तिथे जसंच्या तसं करू नका.

गेल्या आठवड्यातली वही समोर आहे. चिपी, फ्लॅप १५, दहा लँडिंग. उणे २१०, १८०, २६०, ३१०, १९०, २४०, ५२०, २००, २३०, १७०. पाचशे वीसला समुद्रावरून आडवा वारा होता असं मी वहीत लिहिलंय, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आवाज पुन्हा चालू करून बघितले होते, आणि ‘थर्टी’ ऐकल्याबरोबर हात गेला. डावा लिव्हर अजून टक्काभर नाचतो. खोडरबरही एका बाजूने झिजलाय, रविवारी नवा कापायला हवा. मुलाने त्याचे सगळे दप्तरात लपवून ठेवलेत.